काजूचे परागीभवन व नव्या जातींची निर्मिती



पेडणे व डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर काजूची लागवड पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. भरघोस पीक देणाऱ्या झाडाच्या बिया राखून पावसाच्या आरंभी पेरावयाच्या, ही येथील जुनी पद्धत. परंतु त्या रोपांना फळे धरू लागली म्हणजे बागायतदाराची पुष्कळदा निराशा होते. एखाद्याचे बी बारीक निघते, तर एखादे मोहोराने लहडूनही थोडकेच पीक देते. दोष सर्वस्वी जमिनीचा नसतो. त्याचे मूळ फुलात असते.

काजूच्या एकाच मोहोरात नर व द्विलिंगी अशी दोन प्रकारची फुले असतात. फळ धरते ते केवळ द्विलिंगी फुलांस. काजूचा पराग चिकट असतो. मधमाश्या व इतर कीटक तो फुलाफुलांवर नेतात. साहजिकच बीची माता ठाऊक असली, तरी पिता ठाऊक नसतो.

संकर करताना शास्त्रज्ञ हा पिता स्वतः निवडतात. द्विलिंगी फुलातील मोठा पुंकेसर पराग सुटण्यापूर्वीच काढून टाकतात, निवडलेल्या झाडाचा पराग कुक्षीवर लावतात व फूल झाकून ठेवतात. पेडण्याशेजारच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने ‘मिदनापूर रेड’ व ‘वेतोरे ५६’ यांच्या संकरातून ‘वेंगुर्ला-४’ ही जात १९८१ साली प्रसारित केली. १९९७ सालच्या ‘वेंगुर्ला-७’ या संकरित जातीचे बी सुमारे १० ग्रॅम वजनाचे भरते. ‘गोवा-१’ ही जात तर बाळ्ळी येथील स्थानिक झाडातून निवडलेली आहे.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. नवी लागवड बियांची न करता कलमांची करावी. कलमात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. ढेकण्या किडीसाठी फवारणी करणे भागच पडले, तर ती शिफारशीप्रमाणे व सायंकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. मधमाश्या मेल्या तर मोहोर वांझ राहील. तिसरी गोष्ट, जुनी बाग तोडण्यापूर्वी तीतील उत्तम झाडे हेरून विभागीय कृषी कार्यालयास कळवावीत. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांकरवी गावातील अशा झाडांची नोंद करवून घ्यावी.

उद्याच्या जातीची माता कदाचित आपल्याच डोंगरावर उभी असेल. तिच्यावर कुऱ्हाड पडली, तर ते गुण कोणत्याही संशोधन केंद्रास पुन्हा निर्माण करता येणार नाहीत.