अरवलीच्या पायथ्याचे साप

मानेसर हे नाव आज कारखान्यांमुळे सर्वश्रुत झाले आहे. परंतु दिल्ली-जयपूर महामार्गावरील या वसाहतीच्या आसपास अरवलीच्या अतिप्राचीन टेकड्या आहेत, गाळाची व वाळूची सपाटी आहे आणि उत्तरेकडे सुलतानपूरचा पाणथळ प्रदेश आहे. एवढ्या लहान टापूत भूमीचे तीन प्रकार एकत्र आल्यामुळे तेथील सर्पसृष्टीलाही विविधता लाभली आहे.

सापाला स्वतःचे शरीर आतून तापवता येत नाही. ऊब, आडोसा आणि भक्ष्य जेथे मिळेल तेथेच तो वस्ती करतो. खडकाळ, काटेरी झुडपांच्या उतारावर फुरसे आढळते. कोकणच्या कातळावरील फुरसे हातभरही नसते. वायव्य भारतातील त्याची उपजाती मात्र आकाराने मोठी असते. भुसभुशीत मातीत मांडूळ राहते, पाण्याकाठी दिवड बेडूक व मासे पकडते. उंदरांच्या मागावर नाग आणि धामण शेतात शिरतात. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर निजलेल्या माणसाला तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही.

कोणता साप कोठे राहतो, हा केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. त्यासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तामिळनाडूतील इरुळा सर्पमित्रांच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने दीर्घकाळ पुरविला आहे. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले की, काही दुर्लक्षित जातींच्या विषावर हे औषध पुरेसे प्रभावी ठरत नाही. म्हणूनच प्रत्येक प्रदेशातील सापांची काळजीपूर्वक नोंद होणे अगत्याचे आहे.

टेकड्या फोडल्या गेल्या आणि माळावर इमारती उठल्या, तरी साप सर्वस्वी नाहीसे होत नाहीत. धान्य व कचरा यांमुळे उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागून साप वस्तीत येतात. अशा वेळी दिसेल तो साप मारणे हा उपाय नव्हे; त्यात बिनविषारी धामणीचाच बळी अधिक जातो. खाटेवर मच्छरदाणी लावून निजणे, रात्री विजेरी बाळगणे आणि दंश होताच मांत्रिकाकडे न जाता रुग्णालय गाठणे, यानेच माणसाचे प्राण वाचतात.