उत्तराचा ताळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात भोकरदन येथे केलेले भाषण)



2022 च्या प्रारंभी याच व्यासपीठावरून आम्ही असे सांगितले होते की, निसर्ग काही सूक्ष्म कणांशी दुजाभाव करतो हे आता सिद्ध झाले आहे. आपण टाळ्याही दिल्या होत्या. ते विधान आज आम्हांस मागे घ्यावयाचे आहे.

विषय थोडक्यात असा. विजेच्या तारेतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला म्यूऑन व टाऊ असे दोन भाऊ आहेत. म्यूऑन त्याच्याहून सुमारे 207 पट जड, तर टाऊ सुमारे 3,477 पट. तथापि वजनातील फरकाचा हिशेब केल्यावर विद्युत्-चुंबकीय व क्षीण ही दोन्ही बले या तिघांशी सारखीच वागतात, असा प्रस्थापित सिद्धांत आहे.

त्याची परीक्षा जिनिव्हाजवळील सर्न संस्थेत होते. तेथे जमिनीखाली 27 किलोमीटर परिघाच्या यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळवितात. त्यातून बी-मेसॉन नावाचे कण निर्माण होऊन तत्काळ मोडतात. मोडताना क्वचित, सुमारे वीस लाखांत एकदा, केऑन या कणासह म्यूऑनची जोडी बाहेर पडते. तितक्याच क्वचित इलेक्ट्रॉनची. दोन्हींचे प्रमाण समान हवे. मार्च 2021 मध्ये तेथील एलएचसीबी गटाने जाहीर केले की, इलेक्ट्रॉनच्या 100 जोड्यांमागे म्यूऑनच्या सुमारे 85 च भरतात. केवळ योगायोगाने असे घडण्याचा संभव हजारांत एक होता. त्या शास्त्रज्ञांनी यास 'पुरावा' म्हटले होते, 'शोध' नव्हे. तो भेद आम्ही गाळला.

पुढे त्याच गटाने आपले काम पुन्हा तपासले. डाळीत डाळीच्याच रंगाचे खडे मिसळावेत, तसे काही इतर कण इलेक्ट्रॉन म्हणून मोजले गेले होते. डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी सुधारलेला आकडा प्रसिद्ध केला: 100 ला सुमारे 95, आणि मोजमापातील अनिश्चितता ध्यानी घेता हा आकडा समानतेशी जुळतो. तेथील सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाने 2024 मध्ये दिलेले उत्तरही, बरेच ढोबळ असले तरी, समानतेच्या विरुद्ध नाही. डॉ. होमी भाभा यांनी 1945 साली स्थापिलेल्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ या प्रयोगात सहभागी आहेत, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

आम्ही केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेलो. वर्गात मात्र आयुष्यभर मुलांस बजावीत आलो की, ताळा पाहिल्यावाचून उत्तर लिहू नका. आणि स्वतः वर्तमानपत्रातील मथळा वाचून आपणांसमोर उत्तर सांगून मोकळे झालो! ज्यांच्या नावाचा जगभर गाजावाजा झाला होता, त्यांनी आपली चूक स्वतः शोधून जगासमोर मांडली. मग आम्ही आपल्या ज्ञातिबांधवांसमोर ती कबूल करण्यात कसला संकोच धरावा? येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी आमचे जुने भाषण विसरावे आणि ही दुरुस्ती तेवढी ध्यानात ठेवावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.