व्हरांड्यातली खुर्ची
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हातात माइक दिला, की तो ताळेबंद वाचायला लागेल अशी धास्ती असते. घाबरू नका. मी आज जुन्या हॉटेलांवर बोलणार आहे.

मुलीने मला स्वित्झर्लंड दाखवलं. ब्रिएन्झ तलावाच्या वर, धबधब्यासमोर गीसबाख नावाचं १८७० च्या दशकातलं भव्य हॉटेल आहे. काठावरून वर जायला १८७९ ची छोटी दोरगाडी आजही चालते. १९७९ साली हॉटेल बंद पडलं, पाडायची वेळ आली. तेव्हा फ्रान्झ वेबर या पर्यावरणप्रेमी गृहस्थाने हाक दिली, सामान्य लोकांनी आपल्या खिशातले पैसे घातले आणि १९८३ मध्ये ते वाचलं.

तिथल्या गच्चीवर बसलो आणि मला आठवलं आपलं माथेरान!

माथेरान तसं आपल्याच घरचं. १८५० साली ते जगापुढे आणलं ह्यू मॅलेट यांनी, आणि ते होते ठाण्याचे कलेक्टर. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळपासून दोन फुटी रुळांची गाडी वर नेली. २००५ च्या पावसात ती वाहून गेली, पुन्हा उभी राहिली. मोटारीला आजही गावात बंदी, म्हणून तिथली शांतता टिकली.

१९७८ साली लग्नानंतर आम्ही दोघं डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडून गेलो. उतरलो एका जुन्या कौलारू हॉटेलात. खोली साधी, नळाला पाणी बेताचं. पण व्हरांडा! लांबलचक, ओळीने आरामखुर्च्या. जेवणाची घंटा होईपर्यंत सगळे तिथेच. अनोळखी माणसं संध्याकाळपर्यंत ओळखीची व्हायची. मग आम्ही जवळजवळ दरवर्षी गेलो.

ही गेल्यावर मी एकटाच गेलो. तीच खुर्ची, समोर तीच दरी. शेजारच्या आजींनी विचारलं, "एकटेच आलात?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्यासाठी चहा सांगितला. त्या दिवशी कळलं, जुन्या हॉटेलाची श्रीमंती झुंबरात नसते. कोणी तरी आपल्याला विचारेल, अशी जागा तिथे राखलेली असते.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या गेटजवळचा बाक काढून तिथे चार स्कूटरची जागा करायचा ठराव गेल्या सभेत झाला. बाजूने हात वर करणाऱ्यांत मीही होतो. हिशेब बरोबरच होता. पण हिच्या आजारपणात रोज संध्याकाळी मी त्याच बाकावर बसायचो, आणि तुमच्यापैकी कोणी ना कोणी शेजारी येऊन "वहिनी कशा आहेत?" विचारायचं. हे मी हात वर करताना विसरलो.

माझी चूक मी कबूल करतो. ठराव पुन्हा सभेपुढे आणा, ही विनंती. बाक राहिला तर त्याच्या रंगाचा खर्च माझ्याकडे.

पंचवीस वर्षांत आपण इमारत सांभाळली. आता व्हरांडा सांभाळू या.