तुमच्या ठेवीला विमा आहे का?

मंडळी, ठेव ठेवताना आपण आधी व्याजदर विचारतो. त्याआधी विचारा, या ठेवीला विमा आहे का? बँकेत तुमच्या नावावरची बचत, मुदत ठेव, आवर्ती ठेव सगळं मिळून, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत हे १ लाखच होतं. हप्ता बँक भरते, तुम्ही नाही. त्याच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागले तरी मर्यादा तीच. बँकच वेगळी हवी. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थेला मात्र नाही, मग पाटी कितीही मोठी असो! दीड टक्का जास्त मिळतो म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवू नका. पासबुक काढा, कुठे किती आहे ते आजच लिहून बघा.