'विचित्र' या शब्दाने काम भागत नाही



आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. ज्या ऑर्किडच्या पाकळ्या किंवा ओठ नेहमीसारखे नसतात, त्याला कोणत्या गटात घालायचं आणि त्याआधी त्याची नोंद कशी करायची?

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका फॅलेनॉप्सिसला वेगळंच फूल आलं. मी वहीत लिहिलं, 'विचित्र फूल, पाकळ्या ओठासारख्या.' पुढच्या पावसाळ्यात ते झाड कुजून गेलं. आज ती ओळ वाचली की प्रश्नच उरतात. दोन्ही पाकळ्या तशा होत्या की एकच? ओठाचा फक्त रंग आला होता की आकारही? दांड्यावरची सगळी फुलं तशी होती का? झाड पाण्याने गेलं, पण फूल माझ्या आळसामुळे गेलं.

वर्गीकरणाचा पाया फुलाच्या रचनेतच आहे. ऑर्किडला बाहेर तीन निदलं आणि आत तीन प्रदलं, म्हणजे पाकळ्या, असतात. आतल्या तिघांपैकी एक म्हणजे आपला ओठ. बहुतेक ऑर्किडांत तो कळीत वरच्या बाजूला असतो. उमलण्याआधी देठाला पीळ बसतो आणि ओठ खाली येऊन कीटकाला उतरायला जागा देतो. म्हणजे ओठ ही मुळातली पाकळीच, वेगळ्या कामाला लागलेली. म्हणूनच पाकळी ओठाकडे झुकू शकते आणि ओठ पाकळीकडे परतू शकतो.

अशा फुलांना आपण 'पेलोरिक' म्हणतो. हा शब्द ऑर्किडमधून आलेला नाही. १७४४ मध्ये उप्सालात लिनेयसने लिनारिया या रानफुलाच्या एका वेगळ्या रूपावर प्रबंध सिद्ध केला. नेहमीच्या फुलाला एक शेपूट असतं, याला पाच होती. ग्रीक भाषेतल्या राक्षसवाचक शब्दावरून त्याने 'पेलोरिया' हे नाव दिलं. नाव भयंकर, पण वर्णन नेमकं. त्यामुळेच १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांना त्याच रूपाचं कारण शोधता आलं. जनुकाची अक्षरं जागच्या जागी होती. त्यावर मिथाइल गटांचा थर चढून ते गप्प झालं होतं. अडीचशे वर्षांनी उत्तर मिळालं, कारण प्रश्न नीट लिहून ठेवलेला होता.

ऑर्किडांत या बदलाच्या तीन वाटा दिसतात. पहिली, पाकळ्या ओठासारख्या होणं. ब्राझीलमधल्या कॅटलेया इंटरमीडियाचं 'ॲक्विनी' हे रूप याचं प्रसिद्ध उदाहरण. आज आपल्याकडे स्प्लॅश पाकळ्यांची जी संकरित कॅटलेया मिळतात, त्यांतल्या अनेकांच्या वंशावळीत ते आहे. इथे एक भेद कटाक्षाने पाळायला हवा. पाकळीच्या टोकाला ओठाचा रंग उतरणं वेगळं. पाकळीला ओठाची झालर, घडी आणि उंचवटे येणं वेगळं. पहिल्यात रंगाने जागा बदलली, दुसऱ्यात अवयवानेच रूप बदललं. दोन्हींवर एकच चिठ्ठी लावू नये.

दुसरी वाट म्हणजे ओठ पाकळीसारखा होणं. मग फूल चांदणीसारखं सारखं दिसतं. पण सावध राहा. ऑस्ट्रेलियातल्या थेलिमित्रा या प्रजातीत ओठ पाकळ्यांसारखाच असतो आणि तिथे तेच नेहमीचं रूप आहे. त्या जातीचं नेहमीचं फूल ठाऊक असल्याशिवाय वेगळेपण ठरवता येत नाही.

तिसऱ्या वाटेत बाहेरची निदलंही सामील होतात. चीनमधल्या रसिकांनी वसंतात फुलणाऱ्या सिम्बिडियम गोएरिंगीआयचे गट शतकांपूर्वीच पाडले: प्लमच्या फुलासारखं, कमळासारखं, नर्गिससारखं आणि फुलपाखरासारखं. नावं काव्यमय आहेत, पण प्रत्येक नावामागे अट आहे. कमळ म्हणायचं तर निदलं रुंद हवीत. फुलपाखरू म्हणायचं तर निदलं किंवा पाकळ्या ओठासारख्या झालेल्या हव्यात. त्यातही बाहेरची निदलं बदलली की आतल्या पाकळ्या, हे ते वेगळं सांगतात. सौंदर्याची आवड आणि निरीक्षणाची शिस्त तिथे हातात हात घालून चालते.

२०१५ मध्ये तैवानमधल्या संशोधकांनी दाखवलं, की फुलातला अवयव कोणतं रूप घेईल हे प्रथिनांचे दोन समूह ठरवतात: एक निदल-पाकळी घडवणारा, दुसरा ओठ घडवणारा. ओठाचा समूह दाबला, की ओठ निदल-पाकळीच्या रूपाकडे वळतो. रसिकांनी डोळ्यांनी पाडलेल्या भेदांना प्रयोगशाळेने असा आधार दिला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नाव ठेवण्याआधी चार गोष्टी लिहा. कोणता अवयव बदलला? तो कोणासारखा झाला, आणि रंगाने की आकाराने? दांड्यावरच्या किती फुलांत हे दिसलं? पुढच्या बहरात ते पुन्हा आलं का? कळी दुखावली किंवा हवा बिघडली, तरी एखादं फूल वेडंवाकडं येतं. ते नवं वाण नव्हे. लागवडीतलं वाण वेगळं ओळखू येणारं, एकसारखं आणि वाढवल्यावरही टिकणारं असावं लागतं. टिश्यू कल्चरच्या रोपांत पेलोरिक फुलं अधूनमधून निघतात. फुलविक्रेत्याला तो दोष वाटतो, संग्राहकाला ठेवा. नोंद दोघांनाही तीच लागते.

आणि सह्याद्रीत असं फूल दिसलं, तर झाड उपटू नका. छायाचित्र समोरून आणि बाजूने घ्या, शेजारच्या नेहमीच्या फुलाचंही घ्या, तारीख लिहा. पुढच्या वर्षी ते तिथेच असेल, तरच चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

माझ्या वहीतली ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली हे चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुमच्याकडे पुढचं वेगळं फूल उमलेल तेव्हा त्यांची उत्तरं तुमच्या वहीत असावीत, एवढंच मागणं मागतो आणि थांबतो.