बातमीची मिनिटे कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज मी वॉल्टर क्रॉन्काइट या अमेरिकन वृत्तनिवेदकाविषयी बोलणार आहे. भांडवलदारी दूरचित्रवाणी कंपनीच्या एका पगारदाराचे येथे काय काम, असे काहींना वाटेल. ते पगारदार होते, म्हणूनच त्यांचा अभ्यास करावयाचा.

१९१६ साली मिसूरी राज्यात जन्मलेले क्रॉन्काइट विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट सोडून वार्ताहर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी आघाडीवरून बातम्या पाठविल्या. १९५० मध्ये ते सीबीएसमध्ये आले आणि १६ एप्रिल १९६२ पासून तेथील सायंकाळच्या बातम्या देऊ लागले.

२७ फेब्रुवारी १९६८ रोजी, व्हिएतनामहून परतल्यावर, त्यांनी एका विशेष कार्यक्रमात सांगितले की हे युद्ध कोंडीत सापडले असून वाटाघाटींवाचून मार्ग नाही. हे आपले वैयक्तिक मत आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. ते ऐकून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन हताश झाल्याची आख्यायिका आपल्याकडील भाषणांतूनही ऐकू येते. त्या रात्री जॉन्सन टेक्ससमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते! एका निवेदकाने युद्ध थांबविले, असे कोणी सांगू लागला तर सावध राहावे. त्यानंतरही युद्ध कित्येक वर्षे चालले.

मला अधिक बोधप्रद वाटते ते १९७२ चे प्रकरण. वॉटरगेटच्या बातम्या प्रामुख्याने वॉशिंग्टन पोस्ट छापत होता. देशभर त्यांचा गवगवा नव्हता. निवडणुकीला दोन आठवडेही उरले नसताना, २७ ऑक्टोबरला, क्रॉन्काइट यांनी या एका विषयाला सुमारे चौदा मिनिटे दिली. जाहिराती वगळता अर्ध्या तासात बातम्यांना उरत जेमतेम बावीस-तेवीस मिनिटे, हे ध्यानात घ्या. निक्सन यांचे सहायक चार्ल्स कोल्सन यांनी थेट कंपनीचे प्रमुख विल्यम पेली यांना दूरध्वनी केला. दुसरा भाग प्रसारित झाला, परंतु बराच कापून.

निवेदकाची विश्वासार्हता ही त्याची स्वतःची कमाई. मिनिटे मात्र मालकाची. आम्ही अर्थशास्त्रात जमिनीच्या खंडाविषयी जे शिकवितो, ते येथेही लागू पडते. तेव्हा ‘निवेदक विकला गेला’ एवढे म्हणून आपण थांबतो, ते अपुरे आहे. वेळ कोणाचा, जाहिरातीचा पैसा कोणाच्या पदरात पडतो, हे विचारावयास हवे.

क्रॉन्काइट यांना बातम्यांसाठी पूर्ण तास हवा होता. १९६३ मध्ये पंधरा मिनिटांची तीस मिनिटे झाली होती. पुढचे पाऊल पडेना. संलग्न स्थानिक केंद्रांना तोच वेळ स्वतः विकून उत्पन्न मिळत असे. ती केंद्रे कशाला सोडतील? ६ मार्च १९८१ रोजी क्रॉन्काइट या आसनावरून निवृत्त झाले, तेव्हा बातम्या अर्ध्या तासाच्याच होत्या. २००९ मध्ये ते वारले, तेव्हाही तेवढ्याच.