साचा खात्याचं दार

(नांदगाव पेठ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



इथं बसलेल्या निम्म्या पोरांच्या आया आज कपाशी वेचून आल्या असतील. कापूस आपण वेचायचा, कापड दुसऱ्यानं विणायचं, अशी या वऱ्हाडातली वाटणी. ती कायमची नव्हती. आपल्या आजे-पणज्यांच्या घरात माग होते. जाडंभरडं कापड विणून ते बाजारात विकायचे. गिरणीचं स्वस्त कापड आलं, माग मोडले, विणकराचा मजूर झाला. तेव्हा धंदा बदलणं आपल्याला नवं नाही. तो आपल्याला न विचारता बदलला गेला, एवढंच.

मग आपली माणसं गिरणीत गेली. मुंबईत काय झालं ते ऐका. साचा खात्यात मजुरी जास्त, म्हणून तिथंच आपल्याला बंदी. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचं सूत तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून काढावं लागायचं. आपलं तोंड लागलेला धोटा सवर्ण साचेवाला तोंडाला कसा लावणार? विटाळ! झेंडा लाल, पण थुंकी सवर्ण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडण्याची मागणी पुढाऱ्यांपुढं ठेवली. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती मागण्यांत घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याचे धनी आम्ही नाही. मालक मोकळा, पुढारी मोकळा. अडकला कोण? आपण.

आता आपल्या गावाकडं पाहा. मार्च २०२३ मध्ये सरकारनं देशात ७ पीएम मित्रा पार्क जाहीर केले, त्यात अमरावतीचं एक. २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात त्याची पायाभरणी झाली. जागा १,००० एकर, इथंच, नांदगाव पेठेत. एका पार्कमागं १ लाख थेट रोजगार, असं सरकार सांगतं. माझा प्रश्न साधा आहे : कोणत्या खात्यात?

मी वावरातली मजुरी सोडून इथल्या एका कारखान्यात लागलो. माय म्हणाली, "उन्हातून तरी सुटला रे बाप्पा." सुटलो. पगार महिन्याला, पाटलाच्या ओट्याखाली उभं राहणं नाही. हे थोडं नाही. पण ठेकेदारानं गठाणी वाहायला लावलं. मागावर काम शिकायचं म्हटलं, तर विचारलं, "आत तुमच्यातलं कोण आहे?"

आज रेपियर माग आहेत, एअरजेट माग आहेत. बाणा हवेच्या झोतानं जातो, सुताला कुणाचं तोंड लागत नाही. विटाळाचं निमित्तच उरलं नाही. मग दार अरुंद का? कारण आता बंदी कुठं लिहिलेली नसते. ओळख लागते, ठेकेदार लागतो. मी दोन वर्षं रात्रपाळीत फिटरच्या मागं उभा राहून तुटलेला ताणा सांधायला शिकलो, फणीतून ओवायला शिकलो. आज मागावर आहे. माझ्यासोबत आलेले सातजण अजून गठाणीच वाहतात. हुशारीत ते माझ्यापेक्षा कमी नाहीत.

जमीन एमआयडीसीची, सवलती सरकारी, मग नोकरीच तेवढी खासगी कशी? खासगीत आरक्षण नाही, हे खरं. पण १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखायच्या असतात आणि तो खासगी कारखान्यालाही लागू आहे. हे किती जणांना माहीत आहे? आयटीआय केलेली पोरं ठेकेदाराच्या रांगेत उभी राहतात, ती या माहितीवाचून.

वावर सोडा, जरूर सोडा. पण हेल्पर म्हणून शिरून हेल्पर म्हणून म्हातारे होऊ नका. नेमणुकीचं पत्र मागा. भविष्य निर्वाह निधीचा नंबर मागा. शिकाऊ उमेदवारांच्या किती जागा आहेत, आपल्या किती भरल्या, ही यादी मागा. एकट्यानं मागाल तर गेटवरून हाकलतील. पन्नासजण गेलो तर खुर्ची देतील.

येत्या सोमवारी जायचं आहे. येणाऱ्यांनी नावं आत्ताच लिहून द्या.